५:२० ची एसटी आणि आमचा डिफेन्स

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

पेपरात पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. एसटीत कंडक्टर होतो, आयुष्यभर लिहिलं ते वे-बिल (तिकिटांच्या हिशेबाचा कागद), त्यामुळं कुठं चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. विषय फुटबॉलचा आहे. कंडक्टर आणि फुटबॉल असं वाटेल पण वाचा, शेवटी सगळं गाडीवरच येतंय.

आमचं गाव साताऱ्याच्या पश्चिमेला, बोगदा ओलांडला की जे खोरं लागतं त्यात. गावात हायस्कूल आहे. वरच्या अंगाच्या पाचसहा वाड्यांची पोरं पोरी तिथं शिकायला येतात, येतात म्हणजे एसटीनं येतात, दुसरं साधन नाही. शाळेचं नाव लिहीत नाही कारण शाळेची काही चूक नाही आणि क्रीडाशिक्षक सर लाजाळू माणूस आहेत, पेपरात नाव आलं तर चार दिवस मला तोंड चुकवतील. तर ह्या शाळेची १७ वर्षांखालची फुटबॉलची टीम आहे. माझा नातू त्यात लेफ्ट बॅक खेळतो, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर कोणतरी म्हणणार की म्हाताऱ्याला एवढा पुळका का.

सीझन आता सुरू होतोय. शाळेच्या फुटबॉलचं असं असतं की सगळं पावसातच. शाळा जूनमध्ये उघडते, पोरं वह्यांना कव्हर घालतायत तोवर सुब्रतोचं नाव निघतं आणि मागोमाग शासनाच्या शालेय स्पर्धा. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. पोरांना आधी वाटायचं सुब्रतो म्हणजे बूट बनवणारी कुठली तरी कंपनी. सरांनी सांगितलं की एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी, हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख, त्यांच्या नावानं १९६० पासून ही शाळांची स्पर्धा चालू आहे. त्यावर एकानं विचारलं, मग फायनलला विमानानं नेणार का. असो. विमानाचं नंतर बघू, आधी एसटीचं बघा.

आमच्या खोऱ्यातला जुलै ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. ग्राउंड मुरमाचं, एका कोपऱ्यात कायम तळं. त्या तळ्याला पोरांनी गोलकीपरचं नाव दिलंय कारण तो तिथंच सापडतो. फक्की मारली की तासाभरात वाहून जाते, म्हणून सर पहारीनं रेघ ओढतात. गोलपोस्ट गावातल्या वेल्डिंगवाल्यानं पाइपाचे करून दिलेत, फुकट, आणि माप अगदी नियमातलं, आतून ७.३२ मीटर रुंद नि २.४४ उंच, त्यानं टेप लावून दोनदा मोजलं. प्रॅक्टिसला लागणाऱ्या शंकूंच्या (कोन) जागी विटा. बॉल दोन, त्यातला एक दर सकाळी दम्याच्या पेशंटसारखा बसलेला असतो. शिनगार्ड, म्हणजे नडगीला बांधायच्या पट्ट्या, नियमानं लागतातच, त्याशिवाय रेफ्री आत सोडत नाही, तर सहा जोड अकरा जणांत फिरायचे. गेल्या दिवाळीत गावातल्या मुंबईकर मंडळींनी वर्गणी काढून पूर्ण सेट आणला, बूटपण आणले. म्हणजे बघा, सामानाचं रडगाणं मी गात नाही. सामान होतं कुठून ना कुठून.

नडतंय ते वेळेचं.

शाळा सुटते ५ ला. वर जाणारी गाडी आमच्या स्टॉपवर येते ५:२० ला. तिच्यानंतर थेट रात्री ८ ची मुक्कामी. टीममध्ये १८ पोरं, त्यातली १३ वरच्या वाड्यांची. आता घंटा झाल्यावर दप्तर भरून, कपडे बदलून, बूट घालून ग्राउंडवर यायला दहा मिनिटं धरा, आणि स्टॉपवर पळत जायला पाच. उरली पाच. पाच मिनिटांत काय प्रॅक्टिस होणार, बॉल कुठाय ते विचारेपर्यंत गाडीचा हॉर्न वाजतो. वळणावर ड्रायव्हर एक हॉर्न मारतो, तो ऐकला की आमची टीम ज्या स्पीडनं पळते ना, तो स्पीड मॅचमध्ये दिसला असता तर आपण जिल्हा मारला असता असं सर म्हणतात.

त्यातून गंमत अशी की अख्खा डिफेन्स एकाच वाडीचा आहे. चारही बॅक. लहानपणापासून एकत्र गुरं राखलेली पोरं, एकमेकांना हाक मारावी लागत नाही, नुसतं बघितलं की कळतं कोण कुठं जाणार. लय भारी जमतं त्यांचं. पण गाडी चुकली की चारही चुकतात आणि गाडी आली की चारही जातात. मग मागं राहतात फॉरवर्ड आणि गोलकीपर, ते स्टॉपजवळच्या गावांतले. ते एकमेकांवर शूटिंग करत बसतात. म्हणजे आमचा अटॅक डिफेन्सशिवाय सराव करतो आणि डिफेन्स सराव करतो गाडीत, उभ्यानं, दांड्याला धरून.

गेल्या वर्षीची तालुक्याची मॅच सांगतो म्हणजे लक्षात येईल. साताऱ्यात सकाळची मॅच. आदल्या रात्री घाटात दरड आली, गाडी वरच अडकली. ह्यात कुणाचाच दोष नाही, डोंगराला कोण मेमो देणार. डिफेन्सची पोरं चालत खाली आली, दरडीच्या अलीकडं दुधाची गाडी मिळाली, कॅनवर बसून बोगद्यापर्यंत पोचली. इकडं मॅचची वेळ झालेली. आमचे आठच जण हजर. नियम असा आहे की सात असले तरी मॅच सुरू होते, सातच्या खाली गेले तरच होत नाही, त्यामुळं आठ जण उतरले. हाफटाइमला चार गोल खाऊन बसले होते. तेवढ्यात ही चौघं आली, गुडघ्यापर्यंत चिखल, दुधाचा वास येतोय, रेफ्रीनं यादीत नावं आहेत म्हणून आत घेतलं, त्यातले तिघे लगेच उतरले आणि एकाला बदली म्हणून घेतलं. दुसऱ्या हाफमध्ये एकही गोल बसला नाही. हरलो, चार शून्य. पण मी पॅव्हेलियनच्या पायऱ्यांवर बसून बघत होतो, मला त्या दुसऱ्या हाफचाच राग येतो जास्त. एवढी चांगली पोरं आहेत आणि वर्षभरात सगळे अकरा एकत्र मिळून खेळले ते फक्त शनिवारी. शनिवारी सकाळची शाळा असते, साडेअकराला सुटते, दीडची गाडी मिळते. आठवड्यातले ते दोन तास, त्यातला अर्धा वेळ पावसात बॉल शोधण्यात.

आता कोणी म्हणेल सकाळी घ्या की प्रॅक्टिस. घेतली होती. मुक्कामी गाडी पहाटे वरून निघते, पावणेसातला शाळेपाशी येते. सरांनी सगळ्यांना त्या गाडीनं बोलावलं. पोरं साडेपाचला घर सोडायची, धुक्यात, डबा झालेला नसायचा, बरीच पोरं घरी धार काढून डेअरीला दूध घालणारी, ती धार कोण काढणार. आणि साडेआठला प्रॅक्टिस संपली की ११ पर्यंत करायचं काय, ओल्या अंगानं व्हरांड्यात बसायचं. आठ दिवस चाललं. गणिताच्या तासाला मागची दोन बाकं झोपलेली. नवव्या दिवशी सरांनीच बंद केलं, बरं केलं.

वडापनं, म्हणजे खाजगी जीपनं, जावा म्हणाल तर वडाप पावसात संध्याकाळी वर जायला तयार होत नाही, आणि झालाच तर माणशी जे घेतो ते रोजचं परवडत नाही. एसटीच्या पासला मुलांना भाड्याचा तिसरा हिस्साच भरावा लागतो, मुलींना तर बारावीपर्यंत फुकट आहे, आणि हल्ली पास शाळेतच मिळतो, स्टँडवर रांग लावायला लागत नाही. सरकारनं एवढं केलंय त्याचं चांगलंच वाटतं, मी स्वतः ते पास पंच केलेत. पण पास आहे आणि त्या वेळेला गाडी नाही, मग पास खिशात. शेवटी पोरांनी काय केलं, मोठ्या भावांच्या मोटरसायकली आणल्या. ट्रिपल सीट. घाटात, पावसात, लायसन नसलेली पोरं. ऑगस्टमध्ये एक गाडी शेवाळावरून घसरली. पोराचं मनगट मोडलं एवढ्यावर निभावलं, पण त्या रात्री सर माझ्याकडं आले आणि म्हणाले नाना मला नको ही टीम, कुणाचं पोर दरीत गेलं तर मी काय तोंड दाखवू. तेव्हापासून माझ्या डोक्यात हा विषय आहे.

एक गोष्ट मला ह्या सगळ्यात कळली ती सांगतो, पटते का बघा. आपला सातारा जिल्हा खेळात मागं नाही. खाशाबा जाधव गोळेश्वरचे, १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं. ललिता बाबर माणमधल्या मोहीची, दुष्काळी गाव, रिओच्या ऑलिम्पिकला स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) फायनलला पळाली. फलटण तालुक्यातल्या सरड्याचा प्रवीण जाधव तिरंदाजीत टोकियोला गेला. आदिती स्वामी १७ वर्षांची असताना २०२३ ला बर्लिनमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली, तिच्या घरच्यांनी तर खेळासाठी गाव सोडून साताऱ्यात बिऱ्हाड केलं. आता ही नावं परत वाचा. कुस्ती, पळणं, धनुष्यबाण. सगळे एकट्याचे खेळ. एकटं पोर असलं तर ते बांधावरून पळेल, गावच्या तालमीत घुमेल, घरचे फारच जिद्दीचे असले तर बिऱ्हाड हलवतील. पण फुटबॉलला अकरा जण लागतात, एकाच वेळी, एकाच जागी. अकरा घरांनी बिऱ्हाड हलवायचं का? कोल्हापुरात हे जमतं कारण तिथं पेठेतलं पोर चालत तालमीच्या टीमला जातं, पाटाकडील म्हणा, खंडोबा म्हणा, दिलबहार म्हणा, घरातून बाहेर पडलं की टीम. तिथला अनिकेत जाधव २०१७ च्या वर्ल्ड कपला भारताच्या १७ खालच्या टीममध्ये होता, आमच्या पोरांच्या वर्गात त्याचा फोटो चिकटवलाय. जिल्हा जिंकून पुढं गेलं की विभागात गाठ पडणार ती कोल्हापूरशीच. आमची पोरं कोल्हापूर म्हटलं की आधीच खांदे पाडतात. मी त्यांना सांगतो बाबांनो ते काही वेगळं खात नाहीत, त्यांचं घर ग्राउंडजवळ आहे एवढंच. (तांबडा पांढरा खातात, ते एक आहे.)

तर मागणी. मी रिटायर कंडक्टर आहे, त्यामुळं 'गाडी वाढवा' असं उचलून म्हणणार नाही. नवीन फेरी मागितली की उत्तर काय येतं मला पाठ आहे, भारमान (गाडी किती भरते ते) बघू, गाडी नाही, क्रू नाही, आणि त्यात खोटं काही नसतं. मी स्वतः कंट्रोलर साहेबांकडं जाऊन आलो, चहा पाजला त्यांनी. म्हणाले नाना, ५:२० ला गाडी खच्चून भरते, ती मी कशी हलवू. खरंय. ४४ सीटची गाडी, त्यात आमच्या स्टॉपवर उभे राहायला जागा नसते, दप्तरं खिडकीतून आत जातात. आणि ८ ची मुक्कामी वर जाते तेव्हा दहा पंधरा माणसं, त्यातली निम्मी एमआयडीसीतून सुटलेली. तिला अलीकडं ओढली तर त्या लोकांनी काय करायचं, त्यांनीही घरी जायचंच आहे. तीपण हलवू नका.

मी म्हणतोय ते एवढंच की आठवड्यातले दोन दिवस, मंगळवार आणि गुरुवार, आणि तेही जुलैच्या सुरुवातीपासून तालुका-जिल्ह्याच्या मॅचेस संपेपर्यंत. त्या दोन दिवशी ५:२० ची गाडी आधी दुसऱ्या फाट्याची फेरी मारून येऊ दे आणि मग आमच्या स्टॉपवर ६:१५ ला लागू दे. आत्ता ती आमच्या वाड्या करून येते आणि मग त्या फाट्याला जाते. फक्त पुढची मागं आणि मागची पुढं. किलोमीटर तेवढेच, डिझेल तेवढंच, क्रूची ड्युटी तेवढीच, स्प्रेड ओव्हर (ड्युटी चढल्यापासून उतरेपर्यंतचा वेळ) वाढत नाही, मी कागदावर मांडून बघितलंय, तो कागद साहेबांना देऊन आलोय. जुलैत सातपर्यंत चांगला उजेड असतो, ६:१५ ला निघालेली गाडी सातच्या आत शेवटच्या वाडीला पोचते. फाट्याच्या लोकांना विचारलं, त्यांना तर गाडी अर्धा पाऊण तास लवकर मिळते, ते खुश आहेत. दोघं सोडून, त्यांचं काय म्हणणं आहे ते मला नीट कळलं नाही, बहुतेक माझ्याशीच जुनं काहीतरी आहे, तिकिटावरून असेल.

अडचण आहे ती आमच्याच बाजूची आणि ती लपवत नाही. जी पोरं खेळत नाहीत, विशेषतः मुली, त्यांना त्या दोन दिवशी ५५ मिनिटं थांबायला लागणार. पालकांच्या मीटिंगमध्ये ह्यावर जोरात झालं. एक मावशी म्हणाल्या तुमच्या अकरा पोरांच्या बॉलपायी माझ्या पोरीनं तासभर का ताटकळायचं. बरोबर आहे त्यांचं, मी गप्प बसलो. मग हेडमास्तर म्हणाले त्या वेळात दहावीचा जादा तास घेऊ आणि खालच्या वर्गांसाठी लायब्ररी उघडी ठेवू, बाई थांबतील. त्यावर त्याच मावशींची पोरगी मागून म्हणाली, सर मुलींची टीम का नाही करत. सगळे हसले. सर हसले नाहीत, त्यांनी वहीत लिहून घेतलं. सुब्रतोत १७ खाली मुलींचा गट आहेच. आत्तापर्यंत नऊ नावं आलीत. नऊ आल्यात म्हणजे अजून दोन येतील, आणि मग ती गाडी अकराची नाही, बावीस जणांची होईल. मावशींनी परवा बाजारात भेटल्यावर विचारलं, बूट किती नंबरचे लागतील.

मी ड्युटीवर असताना, आता सांगायला हरकत नाही, ह्याच रूटवर बरीच वर्षं होतो. तेव्हा शाळेत कबड्डी जोरात होती. पोरं पळत येताना दिसली की मी सिंगल बेल, म्हणजे थांबायची खूण, द्यायचो, ड्रायव्हर ओळखीचा, तो टायर बघतोय असं करायचा. दोन मिनिटं, तीन मिनिटं. कधी पाचपण. लेट का झाली म्हणून दोनदा लिहून द्यावं लागलं, दोन्ही वेळा 'रस्त्यात म्हसरं' असं लिहिलं. चूकच होती माझी, गाडीत बसलेल्या बाकीच्यांचा वेळ होता तो. आता मशीनवर तिकीट निघतं, गाडी कुठाय ते साहेबाला बसल्या जागी दिसतं, आजच्या कंडक्टर पोराला मी सांगू शकत नाही की बाबा दोन मिनिटं टायर बघ. म्हणून हे रीतसर वेळापत्रकात मागतोय.

सर ह्या वर्षी मंगळवार गुरुवारचा शेवटचा तास पीटीचा करून घेतायत. ३५ मिनिटं ती, आणि गाडी ६:१५ ला झाली तर वरचा तास, म्हणजे दीड तास सगळे एकत्र. दीड तासात काय करायचं ते त्यांनी वहीत मांडून ठेवलंय, मला दाखवलं. पहिली पंधरा मिनिटं पळणं आणि वॉर्मअप, मग तिघा तिघांत पासिंग, मग चार बॅक विरुद्ध पाच फॉरवर्ड, हे त्यांनी लाल पेननं लिहिलंय कारण हे आजवर कधी झालंच नाही, आपल्याच फॉरवर्डनी आपल्याच डिफेन्सवर अटॅक करायचा. मग कॉर्नर, कारण गेल्या वर्षी चारातले तीन गोल कॉर्नरवर खाल्ले, हवेतल्या बॉलला जायला कोणीच नव्हतं. शेवटची वीस मिनिटं पूर्ण मॅच. चिखलात बॉल खालून सरकत नाही, अडकतो, त्यामुळं पावसात पाय खाली घालून उचलून मारायला शिकवायचं म्हणतायत. गोलकीपरला ओला बॉल छातीशी धरायला. मला ह्यातलं फार कळत नाही. नातू घरी भिंतीवर बॉल मारत बसतो तेवढंच माझं फुटबॉल, आणि भिंत माझी आहे.

टीमची कागदपत्रं, जन्मदाखले, आधार, फोटो हे सगळं सरांनी जूनमध्येच उरकलंय. एका पोराचं नाव आधारवर वेगळं आणि शाळेच्या रजिस्टरला वेगळं निघालं, त्याचं चालू आहे.

ग्रामपंचायतीचा ठराव झालाय. हेडमास्तरांचा अर्ज तयार आहे, त्यावर वरच्या वाड्यांच्या ६२ पालकांच्या सह्या आहेत, मावशींचीपण आहे. अर्जासोबत तुमच्या पेपरातलं कात्रण जोडलं तर साहेबांना वर पाठवायला सोपं पडतं असं साहेब स्वतःच म्हणाले, म्हणून हा खटाटोप. जागा कमी असेल तर कोल्हापूरचा भाग काढलात तरी चालेल, मागणीचा काढू नका. आणि शक्यतो सोमवारच्या आत छापा, कारण मंगळवारी मी पुन्हा डेपोत जाणार आहे, सकाळच्या मुक्कामी गाडीनं.

आपला,
एक रिटायर कंडक्टर
ता. जि. सातारा